गोधडीची माझी बाजू

माणूस कसा बसतो आणि कसा उठतो यावरून तो कसा आहे हे आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. नोकरीच तशी केली. लाल गाडीवर कंडक्टर होते मी, आणि निम्म्याहून जास्त नोकरी सिल्लोडच्या रस्त्यावर गेली. दोघांच्या बाकावर एकटाच पाय फाकवून बसलेला माणूस तिकीट मागितल्यावर खिसे चाचपत बसणार, हे मला दारातूनच कळायचं. निम्मं अंग बाकाच्या बाहेर ठेवून बसणारी बाई लेकराचं वय कमी सांगणार, पण भांडणार नाही. आपलं गाव यायच्या कितीतरी आधी उठून दाराशी जाणारा घरी कुणाला तरी भिऊन असतो. असे माझे सिद्धांत. आमचे हे म्हणतात, हिला माणसं दिसत नाहीत, नुसत्या सीटा दिसतात. म्हणू देत. कंपनीत चार भिंतींच्या आत मशीनसमोर उभं राहून निवृत्त झालेल्या माणसाला माणसांतलं काय कळणार?

सांगायचंय ते माझ्या उजव्या गुडघ्याबद्दल, पण ते आपाशिवाय सांगता येत नाही.

आपा आमच्या समोरच्या घरात राहते. हर्सूलला आम्ही दोघी एकाच सुमाराला राहायला आलो, पण ओळख त्याच्याही आधीची. तिचं माहेर सिल्लोडचं, कटपिसाचा धंदा. माहेराहून परतताना ती जुन्या कापडाचं एवढं मोठं गाठोडं घेऊन गाडीत चढायची की मागच्याला वाट राहायची नाही. मी तिला गाठोड्याचं तिकीट काढायला लावलं. ती म्हणाली, "मांडीवर घेते, मग कायकू तिकीट?" आणि खरंच ते गाठोडं मांडीवर घेऊन बसली. तिचं तोंडसुद्धा दिसेना. सगळी गाडी हसायला लागली आणि मी चिडले. पुढं काही महिन्यांनी गल्लीत समोरच्या दारात तेच गाठोडं दिसलं, त्यामागं हीच बाई. तेव्हापासून ती माझी आपा आणि मी तिची ताई.

त्या गाठोड्यांतूनच आमच्या गोधड्या सुरू झाल्या. दिवाळी झाली की आमच्या गच्चीवर गोधडी पसरायची. खाली जुनं लुगडं, मध्ये धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या, ओढण्या, चादरी, आणि वर बऱ्यापैकी रंग राखून असलेली एखादी साडी. एका वर्षीची गोधडी तिच्या घरात, पुढच्या वर्षीची माझ्या. दोघींनी समोरासमोरच्या काठांना बसायचं आणि टाके घालत आत सरकायचं. मध्यावर भेट झाली की गोधडी झाली. बसायचं ते गोधडीवरच. पाय दुमडून गुडघ्याखाली कापड दाबून धरायचं, म्हणजे आतले थर सरकत नाहीत. या कामात गुडघा म्हणजे तिसरा हातच.

आमचा एक नियम आहे. एकीच्या बाजूला दुसरीनं टाका घालायचा नाही. माझा टाका लांब आणि ओढून घातलेला, कारण मला धीर नाही. आपाचा टाका बारीक आणि सैल. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकींच्या बाजूला हात घातला, तर गोधडी जागोजागी फुगली. धुतल्यावर तर तिच्यात डोंगर उठले. तेव्हापासून आपापली बाजू आपणच शिवायची. आणि शेवटचा टाका घालायच्या आधी, अगदी मध्यावर, वाळल्या भाकरीचा नखाएवढा तुकडा आत सारायचा. ही माझ्या आईची पद्धत. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, असं ती सांगायची. आपानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली नाही. उठून घरी गेली आणि तिच्या चुलीवरच्या भाकरीचा कोपरा घेऊन आली.

ज्या हिवाळ्यात माझा गुडघा गेला, त्या वर्षीची गोधडी आपाच्या घरची होती. दुपारची वेळ. धागा संपला म्हणून रीळ घ्यायला उठायला गेले आणि उजवा गुडघा अर्ध्यात अडकला. सरळ होईना, दुमडेना. कळ अशी आली की मी ओरडलेसुद्धा नाही. आपानं आणि ह्यांनी मिळून मला उचललं. तसा तो गुडघा नोकरीत असल्यापासून कुरकुरत होता. हलत्या गाडीत बाकाला मांडी टेकवून, दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले असताना उभं राहायचं, म्हणजे सगळा तोल त्याच्यावरच. मी रोज एक दुखण्याची गोळी टाकायची आणि डबल बेल द्यायची. गाडी चालत होती तोवर कोण लक्ष देतं!

गोधडी तशीच राहिली. आपाची बाजू मध्यापर्यंत शिवून झाली होती. माझ्या बाजूचा दीडेक हात कोराच होता. मी खाली बसू शकत नव्हते. बसलेच तर उठू शकत नव्हते. ह्यांनी गोधडी दिवाणावर पसरून दिली, वर बसून शिव म्हणाले. गादीत सगळंच दबतं. थर सरकले, टाके वाकडे गेले, मी ते उसवून टाकले. मग हे म्हणाले, "मशीनवर मारून आणतो की चौकातून." त्यावर मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मीच आपाला म्हटलं, "आपा, घेऊन जा नि पुरी कर. थंडी लई पडलीय. तुझ्या घरचीच हाय ती."

"नक्को," आपा म्हणाली. "तुझी बाजू तूच घाल."

"मला बसता येत नाय, दिसायलं नाय का तुला?"

"आज येत नाय. उद्या येईल. गोधडी कुठं पळून चालली?"

तिनं गोधडीची गुंडाळी केली, सुई तिच्यातच टोचून ठेवली आणि ती माझ्या कपाटावर ठेवून दिली. रोज झोपून उठलं की मला ती समोर दिसायची. मला तिचा राग यायचा. राग गोधडीचा की आपाचा की गुडघ्याचा, ते वेगळं करून सांगता येणार नाही.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, आज ना उद्या गुडघा बदलावा लागेल. बदलला की जमिनीवर बसणं मात्र विसरायचं. मी विचारलं, मग गोधडी कशी शिवायची? ते म्हणाले, गोधड्या विकत मिळतात की. त्या ऑपरेशनला मी नावं ठेवत नाही. माझ्या जुन्या ड्रायव्हरनं दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि आता तो सकाळी हर्सूल तलावाकडे फिरायला जातो, आमच्या घरावरून जाताना हाक मारतो. पण तो गोधडी शिवत नाही.

दुसऱ्या डॉक्टर जालना रोडवरच्या. बाईच होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि मला आधी खुर्चीवरून उठून दाखवायला सांगितलं. मी हातांनी खुर्ची दाबून, दात ओठ खात उठले. मला ते आवडलं. उठताना माणूस बघणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती.

त्यांनी समजावलं ते असं. तुमच्याच दंडातून थोडं रक्त काढायचं. ते एका यंत्रात गरागरा फिरवायचं. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. जखम भरून काढणारे जे बारीक कण आपल्या रक्तात असतात, ते त्या पाण्यात गोळा करायचे आणि सोनोग्राफीत बघत बघत गुडघ्याच्या सांध्यात सोडायचे.

"म्हणजे गुडघा नवा होणार?" मी विचारलं.

"नाही मावशी. झिजलेली कूर्चा यानं परत उगवत नाही, तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आतली सूज आणि दुखणं कमी होऊ शकतं. काहींना चांगला फरक पडतो, काहींना थोडा, काहींना नाहीच. तुमची झीज मधल्या टप्प्यावर आहे म्हणून मी करून बघू म्हणते. फार झिजलेला असता तर मीच तुम्हाला ऑपरेशनला पाठवलं असतं. आणि नुसत्या सुईनं भागणार नाही. मांडीचे स्नायू कमावावे लागतील, व्यायाम रोज."

"जमिनीवर बसता येईल?"

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रयत्न करू. येईलच का, ते मला माहीत नाही. मला तुम्हाला खोटं सांगायचं नाहीये."

मला तेवढं पुरे होतं. आयुष्यात मी फार थोड्या माणसांच्या तोंडून "मला माहीत नाही" ऐकलंय, आणि ज्यांनी म्हटलं त्यांच्यावर पुढं विश्वास ठेवता आला.

सुईच्या आधी पाळायच्या गोष्टी त्यांनी दोनदा सांगितल्या. दुखण्याच्या गोळ्या आठवडाभर आधीपासून बंद. त्या दिवशी पोटभर खाऊन यायचं, पाणी भरपूर प्यायचं. मी गोळ्या बंद केल्या. पण नेमकी त्या दिवशी संकष्टी आली. पावसाळ्याचे दिवस होते. मी गणपतीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, एवढा गुडघा मार्गी लाव, आजची चतुर्थी तुझ्यासाठी निर्जळ करते. खाण्याचं तर मी मनावरच घेतलं नव्हतं. रक्त द्यायचं म्हटल्यावर रिकाम्या पोटी जायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टर बाई नव्या आहेत, त्यांच्या बोलण्यात चुकून आलं असेल असंही मला वाटून गेलं. ह्यांना मी काही सांगितलं नाही, आपालाही नाही.

दवाखान्यात नर्सनं या हाताची शीर बघितली, त्या हाताची बघितली. मुठी आवळ म्हणाली, हात खाली सोड म्हणाली. शीर काही वर येईना. एकदा सुई टोचली तर नुसतं थेंब थेंब. आणि मग माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा पाय उशीवर होते आणि डॉक्टर बाई विचारत होत्या, "मावशी, सकाळपासून काय खाल्लंय?"

मी खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. लिंबू सरबत पाजलं, घरी पाठवलं आणि पुढची तारीख दिली. चंद्र उगवायच्या कितीतरी आधी उपास मोडला तो मोडलाच, आणि काम झालं नाही ते झालंच नाही. घरी येईपर्यंत मी रिक्षात ह्यांच्याशी बोलले नाही. ते बिचारे काही म्हणालेही नव्हते.

आपा संध्याकाळी आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"क्या बोलूं तुमकू! रोजे आम्ही ठेवतो. तीस दिवस पाण्याशिवाय राहतो. पण सुई टोचायला जायच्या दिवशी कुणी रोजा ठेवतं का गं?"

"देवाला बोलले होते."

"देवानं सांगितलं व्हतं का, पाणी पिऊ नको म्हणून? गोधडीला उपाशी ठेवत नाहीस, तिच्या पोटात भाकर घालतीस. अन् स्वतः उपाशी जातीस रगत द्यायला!"

माझ्याकडं उत्तर नसलं की मी चहा टाकते. चहा टाकला.

पुढच्या खेपेला आपा स्वतःच सोबत आली. सकाळी माझ्यासमोर बसून दोन भाकरी आणि पिठलं खायला लावलं. रिक्षात हर्सूलपासून जालना रोडपर्यंत बाटली माझ्या तोंडाला लावत होती. पी, अजून पी. एका सिग्नलला रिक्षावाला मागं वळून म्हणाला, "मावशी, आता बास करा, माझ्या गाडीत काही सोय नाही." या वेळी शीर पहिल्याच झटक्यात सापडली. काचेपलीकडं ते यंत्र घुमत होतं आणि मी बाकावर बसून विचार करत होते की हे माझंच रक्त, इतकी वर्षं माझ्याच अंगात होतं, आणि याच्यात असलं काही आहे हे मला कधी कळलं नाही. सुई गुडघ्यात गेली तेव्हा दुखलं. आपाचा हात मी इतका दाबला की तिच्या बांगड्या माझ्या बोटांत रुतल्या.

खरं दुखणं नंतर सुरू झालं. गुडघा टम्म सुजला. डॉक्टर बाईंनी आधीच सांगितलं होतं, चार-आठ दिवस जास्त दुखेल, घाबरू नका. आतलं काम त्या सुजेतूनच चालतं, म्हणून जुन्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, त्या सूजच मारून टाकतात. फारच झालं तर एक साधी तापाची गोळी. ऐकायला सोपं होतं. तिसऱ्या दिवशी मी पलंगावर बसून रडत होते आणि हे कपाटातून माझ्या जुन्या गोळ्यांची पाकिटं काढून, पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. "घे गं एक. कोण बघायलंय?" प्रेमानंच म्हणत होते. माझा हात पुढं गेलाही होता.

आपा तेवढ्यात दारात आली. तिनं ह्यांच्या हातातली पाकिटं काढून घेतली, कपाटातली उरलेलीही घेतली, सगळी ओढणीच्या पदरात बांधली. "या माझ्याकडं राहतील," म्हणाली. "घरात ठेवल्या की तोंडात जातील." आणि जिन्यानं खाली उतरून गेली. मी तिला मागून शिव्या दिल्या. तिला ऐकूही गेल्या असतील.

सूज उतरली, पण गुडघ्यात लगेच फरक काही पडला नाही. महिना झाला तरी जिना चढताना कळ यायची. मला वाटलं, आपण न फरक पडणाऱ्यांतल्या निघालो. डॉक्टर बाईंना तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, घाई करू नका, व्यायाम चालू ठेवा. व्यायाम म्हणजे तरी काय, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा, खुर्चीतून हात न लावता उठायचं नि बसायचं. एकटीनं करायचा मला कंटाळा. मग आपा रोज दुपारी यायला लागली. आमचं घर वरच्या मजल्यावर. ती जिना चढून यायची, वळणावर माझ्या कोरफडीच्या कुंडीपाशी थांबायची, पानं चाचपत राहायची. "कोरफडीला हात लावू नको गं, मरंल ती!" मी वरून ओरडायची. ती वर यायची आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायची. पूर्वी ती आमच्याकडं कधी खुर्चीवर बसायची नाही, कायम खाली, भिंतीला टेकून.

"माझी नक्कल करायलीस व्हय?" मी म्हटलं.

"हौ," ती म्हणाली. "तू खुर्चीवर, तर मी बी खुर्चीवर. सोबत."

मला बरं वाटलं होतं तेव्हा. खरंच फार बरं वाटलं होतं. एकदा तिच्या घरी गेले तर ती नमाजही खुर्चीवर बसून पढत होती. मी मनात म्हटलं, बाईला खुर्चीची सवयच लागली.

दिवाळीच्या सुमाराला एक गोष्ट झाली. मी दूध घेऊन वर आले, पातेलं गॅसवर ठेवलं, आणि मग लक्षात आलं की जिना चढताना आपण कठडा धरलाच नव्हता. मी परत खाली गेले आणि मुद्दाम चढून बघितलं. कळ होती, पण लांबची, कुणीतरी दुसऱ्या खोलीत बोलावं तशी. दूध उतू गेलं. ह्यांनी गॅस बंद केला आणि मला विचारलं, काय झालं? मी नुसतं जिन्याकडं बोट दाखवलं. ते घाबरून खुर्ची आणायला धावले.

डॉक्टर बाईंनी परत उठून-बसून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "बसा खाली. थोडा वेळच. गुडघ्याखाली उशी घ्या, पूर्ण दुमडेल अशी अपेक्षा नको. उठताना आधी वळायचं, डावा गुडघा टेकायचा, हात खुर्चीवर, मग वर." त्यांच्या दवाखान्यातल्या सतरंजीवर मी बसले आणि त्यांनी सांगितलं तशी उठले. बाहेर बाकावर रांगेत बसलेल्या बायका दारातून बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, "बघताय काय, पाणी पिऊन या फक्त."

थंडी कमी व्हायला लागली आणि रमजान जवळ आला तसा आम्ही गोधडी कपाटावरून काढली आणि गच्चीवर पसरली. सुई गंजली होती. नवी घेतली. पहिल्या दुपारी मी खाली बसले, उजव्या गुडघ्याखाली उशी सारली, आणि त्याच्यावर कापड दाबून धरलं. धरलं गेलं! पूर्वीसारखं घट्ट नाही, पण थर सरकले नाहीत. मी टाका ओढला आणि आपाकडं बघितलं. ती कठड्याजवळ खुर्ची टाकून बसली होती. डोळे पुसत होती.

"खाली ये की," मी म्हटलं.

"माझी बाजू झालीय. मी कायकू खाली बसू?"

तेही खरंच होतं. रोज थोडं थोडं करत मी आत सरकत गेले. आपा खुर्चीतूनच माझ्या टाक्यांना नावं ठेवायची. काय लांब टाके घालतीस, बैलगाडी जाईल यातून. मी म्हणायची, तुला थंडीत पांघरायचंय, चाळण नाय करायची त्याची. असे दिवस फार छान गेले.

शेवटच्या दिवशी मध्यावर पोचले. तिथं दोघींनी लागतं. एकीनं कापडाचं तोंड उघडं धरायचं, दुसरीनं भाकरीचा तुकडा सारायचा. आपा कठडा धरून हळूहळू खाली वाकली. एक हात जमिनीवर टेकला, मग दुसरा, आणि कुशीवर कलून बसली. तुकडा तिनं ओढणीच्या टोकाला बांधून आणला होता. तिनं तो आत सारला, मी शेवटचा टाका घातला आणि धागा दातानं तोडला. गोधडी झाली.

मी वळले, डावा गुडघा टेकला, तिच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला आणि उभी राहिले. कुणीही उचललं नाही. आपानं टाळ्या वाजवल्या.

"ऊठ आता. चहा टाकते."

"बसते थोडी. ऊन छान है."

ऊन केव्हाच कलून गेलं होतं. गच्चीवर सावली आली होती. मी आपाकडं बघितलं. ती कशी बसलीय ते बघितलं, वर्षभरानंतर पहिल्यांदा नीट बघितलं. एक पाय तिरका पुढं, सगळं वजन एका हातावर, आणि चेहऱ्यावर हसू तसंच धरून ठेवलेलं. अशी बसलेली माणसं मी गाडीत शेकड्यांनी बघितली असतील. आपलं गाव आलंय, पण उठता येत नाहीये, आणि सांगायची लाज वाटतेय.

"आपा," मी म्हटलं. "माझ्या गोळ्या कुठं हायत?"

ती गोधडीवरून हात फिरवत राहिली. "संपल्या."

"कुणी खाल्ल्या?"

तिनं जिन्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ताई, तुझा जिना लई उंच है गं."

मला इतका राग आला की मला रडायलाच आलं. कोरफड, खुर्ची, नमाज, सगळं एकदम डोळ्यांसमोर उभं राहिलं. इतके महिने ही बाई माझ्या गुडघ्यासाठी स्वतःच्या गुडघ्यांवर जिना चढत होती, त्यावर माझ्याच गोळ्या खात होती. मी तिला नाही नाही ते बोलले. येडी म्हटलं, चोरटी म्हटलं, तोंड शिवलं व्हतं का तुझं म्हटलं.

"तुझं बरं व्हतंय का ते बघत व्हते आधी," ती म्हणाली. "तुझं झालं, तर माझं बी व्हईल. नाय झालं, तर दोघी खुर्चीवर."

मी पाय फाकवून रोवले, घाटात गाडी वळताना रोवायची तसे, आणि तिला दोन्ही हात दिले. "चल, पुढं सरक." तिनं माझे हात धरले. ती उठली तेव्हा तिच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. तिचं सगळं वजन माझ्या उजव्या पायावर आलं, आणि तो हलला नाही.

"उद्याच फोन करते डॉक्टर बाईंना," मी म्हटलं. "त्या आधी बघतील, मग सांगतील सुई का ऑपरेशन. जे सांगतील ते."

"रमजान हो जाने दो."

"होऊ दे. ईद झाल्यावर जायचं. अन् सकाळी मी तुला भाकर खायला घालणार, माझ्या समोर."

ती हसली, तिचं नेहमीचं, गाठोड्यामागचं हसणं. गोधडी मी खांद्यावर टाकली, तिचा दंड धरला आणि तिच्या घरी जायला आम्ही जिन्याला लागलो. मी एक पायरी पुढं, ती मागं. वळणावर ती थांबली आणि कोरफडीची पानं चाचपायला लागली. या वेळी मी काही बोलले नाही. दोघी तिथं उभ्या राहिलो, तिच्या गुडघ्याची कळ जिरू दिली आणि मग खाली उतरलो.